आम्ही म्हणजे कोण

१

दुपारचा प्रयोग असला की सेनापती सगळ्यांच्या आधी थिएटरवर पोचायचा. खरं म्हणजे तो आता सेनापती राहिला नव्हता. वर्षभरापासून नाटकात राजा तोच होता, जाहिरातीत मुकुट घातलेला फोटो त्याचाच होता, आणि मेकअपच्या खोलीतली हातांची मोठी खुर्चीही त्याच्याच वाट्याला आली होती. पण नाटक कंपनीत एकदा चिकटलेलं नाव सहजासहजी निघत नाही. आधी कितीतरी वर्षं त्याने याच नाटकात सेनापतीचं काम केलं होतं, म्हणून पडदा ओढणाऱ्यापासून दिग्दर्शकापर्यंत सगळे त्याला अजून सेनापतीच म्हणत. 'महाराज' कोणी म्हणत नसे. महाराज म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे दुसराच माणूस उभा राहायचा. सेनापती हे हसण्यावारी न्यायचा, पण आतून त्याला लागायचं.

त्या दुपारीही सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. मागच्या दाराने तो आत आला. रिकाम्या रंगमंचावर एक फेरी मारली. सिंहासनाचा एक पाय डुगडुगायचा, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि बसून पाहिलं. मग मेकअपच्या खोलीत जाऊन आरशासमोर पहिल्या अंकाची वाक्यं पुटपुटत बसला. तेवढ्यात चहावाला डोकावला.

"चहा आणू?"

"आण की. आम्हाला कडक लागतो, माहीत आहे ना?"

चहावाल्याने दोन कप आणले. एक सेनापतीपुढे ठेवला आणि दुसरा शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे, कपाचा कान त्या खुर्चीकडे वळवून.

"दोन कशाला रे?"

"तुम्हीच म्हणालात ना, आम्हाला म्हणून."

"अरे बाबा, राजाचं काम करतो माणूस. राजे असंच बोलतात. तोंडात बसलंय ते."

चहावाला हसला, सेनापतीही हसला. पण दुसरा कप तिथेच राहिला. मेकअप झाला, मुकुट चढला, पहिली घंटा झाली. उठताना सेनापतीचं सहज लक्ष गेलं, तर शेजारचा कप रिकामा होता आणि तळाला थोडी भुकटी उरली होती.

मेकअपवाल्याने पिऊन टाकला असणार, असं म्हणून तो पुढे गेला. पित्ताच्या त्रासामुळे मेकअपवाल्याने चहा कधीच सोडला होता, हे त्याला दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना आठवलं.

२

नाटक एका बळकावलेल्या गादीचं होतं. म्हातारा राजा तलावात पडतो. त्याचा कारभारी काठावर उभा असतो, हातात दोर असतो, राजा हाका मारत असतो, आणि कारभारी दोर टाकत नाही. बस, इतकंच. खंजीर नाही, विष नाही, रक्ताचा थेंब नाही. मग तोच गादीवर बसतो, आणि बसल्या क्षणापासून 'आम्ही' म्हणायला लागतो. आम्ही धावलो, पण उशीर झाला. आम्ही न्याय केला. खरं बोलणाऱ्या सेनापतीचं डोकं आम्ही उडवलं. असं करत शेवटच्या अंकात तो एकटा उरतो, आणि अख्ख्या नाटकात पहिल्यांदा 'मी' म्हणतो. मी मारलं त्याला. दोर माझ्या हातात होता.

महाराज, म्हणजे ज्यांनी ही भूमिका गाजवली ते म्हातारे नट, त्या 'मी'च्या आधी थांबायचे. त्यांचा तो पॉज नावाजलेला होता. हॉलमध्ये पंख्यांची घरघर तेवढी ऐकू यायची. त्या पॉजसाठी माणसं पुन्हा पुन्हा यायची.

पुढे पुढे तो पॉज लांबत चालला. वर्तमानपत्रांत छापून आलं की वयाबरोबर कला मुरत जाते. कलाबिला काही नव्हतं. महाराजांना तो शब्द आठवत नव्हता. पानंच्या पानं पाठ, आणि नेमकं ते एक अक्षर येईना! हे त्यांनी एकट्या सेनापतीला सांगितलं होतं, तेही दार लावून.

"तू डाव्या विंगेत उभा राहत जा," महाराज म्हणाले होते. "तुझं डोकं तोवर उडालेलं असतं, तुला दुसरं काम काय? माझी मान तुझ्याकडे वळली की हळूच 'मी' म्हण. बाईंना कळता कामा नये."

बाई म्हणजे प्रॉम्प्टरबाई. त्या उजव्या विंगेत लहानशा दिव्याखाली संहिता घेऊन बसायच्या. त्या जागी तोंड उघडायचं नाही, पॉज मोडायचा नाही, अशी त्यांना पहिल्या प्रयोगापासूनची सक्त ताकीद होती. तेव्हा सगळी मदार सेनापतीवर आली. प्रयोगामागून प्रयोग तो डाव्या विंगेत उभा राहिला आणि ते एक अक्षर देत राहिला. टाळ्या महाराजांना पडायच्या.

घरी बायकोला त्याने हे सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत 'आता स्पष्ट दिसतंय का?' असं विचारायची. नवऱ्याच्या बाबतीत तिला फार आधीपासून स्पष्ट दिसत होतं.

"एक दिवस नाही दिलास तर?" भाजी चिरता चिरता ती म्हणाली.

"काय?"

"तो शब्द."

"वेडी आहेस का? उघडे पडतील ते."

"तुला काही कर म्हणतेय का मी? काहीच करायचं नाहीये. फक्त गप्प राहायचं."

आणि तो गप्प राहिला. सेनापतीचा वेश अंगावर, मनगटांना चामडी पट्टे, तोंडात तो शब्द तयार. महाराजांची मान वळली. त्यांच्या नजरेत विनवणी असती तर कदाचित त्याने तोंड उघडलं असतं. पण तिथे नुसता भरवसा होता, आता म्हणेलच, असा. सेनापतीने ओठ मिटून घेतले. तिसऱ्या रांगेत कोणीतरी खोकलं. मग मागे कोणीतरी हसलं, आणि ते हसणं पुढे पुढे येत गेलं. शेवटी पडदा पाडावा लागला.

त्या दिवसापासून महाराज बोललेच नाहीत. नाटकात नाही आणि घरीही नाही. डॉक्टरांना काही सापडलं नाही. पुढच्या प्रयोगाला मुकुट सेनापतीच्या डोक्यावर होता, आणि तो त्याला बेतून केल्यासारखा बसला.

३

घरात पाऊल टाकताना 'आलो गं' अशी हाक द्यायची सेनापतीची सवय होती. दाराजवळच्या खुर्चीत सासूबाई बसलेल्या असायच्या. कान अधू, डोळे त्याहून अधू, पण घरात कोण आलं-गेलं याची खबर त्यांना सगळ्यांच्या आधी.

"या, या," सासूबाई म्हणाल्या. "दोघंही या."

"दोघं कुठले?" असं म्हणून तो पुढे सांगायला गेला की मी एकटाच आहे. पण तोंडातून निघालं, "आम्ही एकटेच आहोत."

आतून बायको खळखळून हसली. "आम्ही एकटेच! ऐकलंस का आई? राजेसाहेब एकटेच आलेत."

पहिले काही दिवस घरात ही थट्टाच होऊन बसली. आम्हाला भूक नाही. आमचा टॉवेल कुठे आहे? आम्ही जरा पडतो. तो मुद्दाम बोलतोय असं बायकोला वाटायचं आणि तिला तसंच वाटू दे, असं त्याला. पण एका सकाळी तिने हातातला कप खाली ठेवला.

"आम्ही म्हणजे कोण रे?"

त्याने पाव चहात बुडवला.

"नाही, खरंच विचारते. आपण म्हण हवं तर. आपण म्हटलं की त्यात मी येते. आम्ही म्हटलं की मी बाहेर. कोणाला बरोबर घेतलंयस, मला बाहेर बसवून?"

कोणी नाही, मी एकटाच आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण त्यासाठी नेमका तोच शब्द लागत होता. सेनापतीने मान हलवली आणि पाव चावत राहिला.

"पाहुणे फारसे बोलत नाहीत," सासूबाई मध्येच म्हणाल्या.

"कोणते पाहुणे, आई?"

"जावईबापूंच्या मागे उभे असतात ते. बसायला तरी सांगा त्यांना. किती वेळ उभे राहतील?"

बायको उठली. आईचा चष्मा काढून तिने पदराने नीट पुसला, पुन्हा तिच्या नाकावर चढवला, आणि सवयीने विचारलं, "आता स्पष्ट दिसतंय?"

सासूबाईंनी सेनापतीच्या खांद्यावरून पलीकडे निरखून पाहिलं.

"हो," त्या समाधानाने म्हणाल्या. "आता जास्त स्पष्ट दिसतंय."

४

सेनापती वेडा नव्हता. विचार करणारा माणूस होता. न्हाणीघराची कडी लावून तो आरशासमोर उभा राहिला आणि त्याने पद्धतशीर चाचणी घेतली. मीठ. आलं. मीटर. आलं. मिरची, मिशी, मीनार, सगळं स्वच्छ आलं. मग नुसतं 'मी'. ओठ मिटले आणि मिटलेलेच राहिले. नाकातून बारीक गुणगुण तेवढी निघाली. जोर लावला तसे ओठ सुटले, पण सुटले ते 'आ' म्हणत. आम्ही.

घशाच्या डॉक्टरांनी आ करायला लावला, बॅटरी मारली आणि म्हणाले, "उत्तम आहे. अजून कोणाला तपासायचं आहे का?" हे त्यांनी दाराकडे बघत विचारलं.

मग त्याने शक्कल काढली. आपल्या भाषेत त्या शब्दावाचून अडत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. येतो. जातो. आलो. जेवलो. मी नाही म्हटलं तरी चालतं. पुढचं काही सांगायचं असेल तर 'बघतो' म्हणायचं आणि वेळ मारून न्यायची. आठवडाभर त्याने असं निभावलं, कोणाला काही कळलं नाही. मग एका दुपारी जिना चढताना त्याच्या डोक्यात आलं की एकटा माणूसही 'आलो' म्हणतो आणि चार जण मिळूनही 'आलो'च म्हणतात. ऐकणाऱ्याने काय समजायचं? त्या दिवशी दारात त्याने हाक दिलीच नाही. चोरासारखा घरात शिरला.

एक आधार तेवढा शिल्लक होता. रंगमंचावर शब्द येत होता. शेवटच्या अंकात तो पॉज घ्यायचा, 'मी' ऐकू यायचा, आणि नाटक पुढे जायचं. म्हणजे दोष घशात नाही, मनातही नाही. दमलोय, इतकंच. असं तो स्वतःला समजावत होता.

त्या रविवारी त्याने त्या क्षणी स्वतःवर लक्ष ठेवलं. समोर अंधारात माणसं गच्च बसलेली. पंख्यांची घरघर. त्याने ओठ मिटले, जीभ तयार केली आणि वाट पाहिली.

"मी," असं सगळ्या हॉलने ऐकलं.

त्याचे ओठ मिटलेलेच होते. शब्द डावीकडून आला होता. जरासा खर्जातला, दमलेला, ओळखीचा. मग सवयीनेच तोंड उघडलं आणि तो पुढचं बोलला, "मारलं त्याला."

पडदा पडल्यावर प्रॉम्प्टरबाई भरल्या डोळ्यांनी आल्या. "सेनापती, आज तो 'मी' अगदी महाराजांचा लागला हो. डोळे मिटले असते तर फसले असते."

"कुठून ऐकू आला तुम्हाला?"

"कुठून म्हणजे? तुमच्याकडून." बाई थबकल्या. "जरा पलीकडून आल्यासारखा वाटला खरा. पण हा हॉल पहिल्यापासूनच घुमतो."

५

महाराजांकडे तो वर्षभरात एकदाही फिरकला नव्हता. आता गेला. आडवारी, सकाळी, हातात फळांची पिशवी घेऊन.

दार महाराजांच्या धाकट्या बहिणीने उघडलं. सगळी कंपनी तिला ताई म्हणायची. "आलो," तो म्हणाला. ताईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग किंचित बाजूला पाहिलं, आणि आत जाऊन दोन खुर्च्या मांडल्या.

महाराज खिडकीशी बसले होते. दाढी केलेली, केस विंचरलेले, स्वच्छ पांढरा सदरा. तोंड अर्धवट उघडं, आणि मान डावीकडे वळलेली.

"खुर्ची कशीही फिरवा, मान तिकडेच," ताई म्हणाल्या. "आधी वाटलं खिडकीतून काही बघतात. म्हणून खुर्ची अशी ठेवली की खिडकी डावीकडे येईल. पण तिकडेही बघत नाहीत. कोणीतरी काहीतरी बोलणार आहे, असं ऐकत बसतात."

"काहीच बोलत नाहीत?"

"रविवारी दुपारी, तुमचा शेवटचा अंक चालू असेल त्या सुमाराला, ओठ मिटतात आणि उघडतात. एकदाच. आवाज नाही येत." ताईंनी त्यांच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली. "मला वाटतं अजून प्रयोगच चाललाय त्यांचा. संपेचना."

हा माणूस वर्षभर त्याच जागी उभा होता, त्याच उजेडात, त्याच हसण्यापुढे, आणि सेनापती तोंड उघडेल म्हणून थांबला होता. सांगून टाकायचं, त्याने ठरवलं. होईल ते होईल. मुकुट गेला तर गेला.

"ताई, त्या दिवशी… डाव्या विंगेत… शब्द माहीत होता, तोंडात होता. गप्प राहिलो."

"कोण?"

त्याने ओठ मिटले. गुणगुण निघाली. कपाळाला घाम फुटला. "आम्ही," तो म्हणाला.

ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "हो रे बाबा. सगळेच गप्प राहिलात. लोक हसत होते आणि कंपनीतलं एक माणूस पुढे झालं नाही. पण तू निदान येऊन बोलून तरी दाखवलंस. मनाचा मोठेपणा लागतो त्याला."

अपराध त्याने कबूल केला होता, आणि तो सगळ्या कंपनीत वाटला गेला होता. त्याच्या वाट्याला चिमूटभर आला, वर मोठेपणाही मिळाला. सेनापतीला एकदम हलकं वाटलं. हलकं वाटलं याची लगेच किळसही आली.

ताई चहा करायला आत गेल्या. तो उठला आणि महाराजांच्या डाव्या कानाशी वाकला. एक अक्षर. उशिरा का होईना, द्यायचं. त्याने ओठ मिटले, डोळे मिटले, मुठी आवळल्या.

"आम्ही," तो कुजबुजला.

महाराजांचे डोळे हलले. आधी ते त्याच्यावर स्थिरावले. मग सावकाश त्याच्या शेजारी गेले, साधारण माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर, आणि जुनी ओळख पटावी तसे तिथेच थांबले.

ताईंनी आणलेल्या दोन कपांपैकी त्याने आपला घाईघाईने संपवला, आणि दुसऱ्याकडे न बघता निघाला.

६

"ताईंना सांगितलं," संध्याकाळी तो म्हणाला. बायको दुकानातून नुकतीच आली होती, चपला अजून पायांत होत्या.

"काय सांगितलंस?"

"गप्प राहिलो म्हणून."

तिचा चेहरा उतरला. मग तिने डोळे बारीक केले. "कोण गप्प राहिलं म्हणून सांगितलंस?"

त्याचे ओठ मिटले, नाकातून गुणगुण तेवढी निघाली. तिला उत्तर मिळालं. तिने चपला काढल्या, कडेला नीट लावल्या. "मग काही बिघडलं नाही. हे बघ, आपण काही केलेलं नाहीये. तेव्हाही नाही आणि आताही नाही."

आपण. हा शब्द तिच्या तोंडून किती सहज यायचा! सेनापतीला तिचा हेवा वाटला, आणि तिची भीतीही वाटली. पण जायचं कोणाकडे? खरं काय ते ठाऊक असलेलं माणूस हेच.

"रविवारी डाव्या विंगेत येऊन उभी राहशील?"

"कशाला?"

"शेवटच्या अंकातलं ते अक्षर येत नाही. कोणीतरी द्यायला हवं."

"येत नाही? अरे, दर रविवारी टाळ्या घेतोस."

"ते अक्षर आमचं नाही."

आमचं म्हटल्यावर ती काही तरी बोलणार होती. पण त्याचा चेहरा बघून थांबली. बराच वेळ ती त्याला न्याहाळत राहिली, दुकानात गिऱ्हाइकाला न्याहाळायची तशी.

"नुसतं 'मी' म्हणायचं, एवढंच ना?" ती म्हणाली. "येते."

७

मध्यंतरात प्रॉम्प्टरबाई आल्या.

"सांगू नका म्हणाले सगळे. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. महाराज गेले. आत्ताच ताईंचा फोन आला होता. जेवण भरवता भरवता मान सरळ झाली म्हणे, आणि तोंड मिटलं." त्या डोळे पुसत उजव्या विंगेत जाऊन बसल्या.

सेनापतीने आरशात पाहिलं. मुकुट सरळ होता. त्याच्या मनात आधी दुःख आलं नाही, हिशेब आला. म्हणजे आज डावीकडून काही येणार नाही. मग त्याला बायको आठवली, आणि त्याने सुस्कारा सोडला.

रंगमंचाकडे जाताना वाटेत कपड्यांच्या खुंट्या होत्या. सेनापतीचं काम आता एक नवा नट करायचा. दुसऱ्या अंकात डोकं उडालं की तो वेश उतरवून बाहेर खायला जायचा. वेश खुंटीवर होता, घामाने ओला. चामडी पट्टे मात्र खुंटीवर नव्हते. पडले असतील खाली, असं सेनापतीला वाटलं. खाली बघायला तो थांबला नाही.

शेवटचा अंक. डाव्या विंगेत बायको उभी होती. दुकानातूनच आलेली, खांद्याला पर्स. तिने त्याला हात दाखवला. त्याच्या जिवात जीव आला. सिंहासनावर बसून त्याने वाक्यामागून वाक्य टाकलं. आम्ही धावलो. आम्ही न्याय केला. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग ती जागा आली.

तो थांबला. ओठ मिटले. पंख्यांची घरघर.

डावीकडून काही आलं नाही.

त्याने मान वळवली. बायको होती तिथेच होती. फक्त विंगेच्या मधोमध नव्हती, जरा कडेला सरकली होती, अरुंद बाकावर दुसऱ्याला जागा करून देतो तशी. तिचे ओठ मिटलेले होते. म्हणण्यासाठी मिटले होते, हे त्याला इतक्या लांबून कळलं. तो वाट बघत राहिला. म्हण. एक अक्षर आहे. तिच्या गळ्याची शीर ताठली, डोळे विस्फारले, आणि ओठ उघडेनात. तिलाही ते यायचं थांबलं होतं. तिच्या शेजारी उजेड संपत होता तिथे एक मनगट दिसलं. मनगटाला चामडी पट्टा. हात वर गेला आणि बोट कुणाच्या तरी मिटलेल्या ओठांवर टेकलं. ते ओठ सेनापतीने रोज आरशात पाहिले होते.

तिसऱ्या रांगेत कोणीतरी खोकलं.

सेनापती उभा राहिला. सिंहासनाचा पाय डुगडुगला. आता मागे कोणीतरी हसेल. मग ते हसणं पुढे पुढे येईल. त्याला रडू फुटलं, खरंखुरं, मेकअप ओघळेल असं. आणि बायकोकडे बघतच त्याने तोंड उघडलं.

"आम्ही मारलं त्याला," तो म्हणाला. "दोर आमच्या हातात होता."

कोणी हसलं नाही. क्षणभर पंखेसुद्धा थांबल्यासारखे वाटले, आणि मग टाळ्यांनी हॉल दणाणून गेला. उजव्या विंगेत प्रॉम्प्टरबाई संहितेत तोंड खुपसून रडत होत्या. महाराज गेल्याच्या दिवशी याने तो शब्द त्यांच्यासाठी ठेवून दिला, असं बाईंनी पुढे सगळ्यांना सांगितलं. त्या दिवसापासून कंपनी त्याला महाराज म्हणू लागली.

पडदा पडला. तो डाव्या विंगेकडे चालू लागला. तिथली वाट एकाच माणसापुरती होती. बायको भिंतीला टेकून उभी होती, चेहरा पांढराफटक. आम्ही म्हणजे कोण, असं तिने या वेळी विचारलं नाही. तिने पर्स पोटाशी धरली, अंग चोरलं, आणि त्या दोघांना जायला वाट करून दिली.